आजाराची चिठ्ठी कोणाच्या हातात द्यायची?



गेल्या हिवाळ्यात एका रविवारी विहारातली वंदना आटोपल्यावर एक माउली आमच्याजवळ येऊन बसल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मुलाचे रिपोर्ट. मुलगा २४ वर्षांचा. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला. त्याला सिकलसेल आहे. थंडी वाढली की हातापायाचे सांधे, पाठ, छाती असे काही दुखते की रात्रभर अंथरुणात तळमळतो. दोन-चार महिन्यांतून तीन-चार दिवसांचा खाडा ठरलेलाच.

सुरुवातीला त्याने कामावर आजाराचे नाव काढले नाही. कधी पोट बिघडले म्हणायचा, कधी गावी मयत झाली म्हणायचा. सुपरवायझर त्याला दांडीबहाद्दर म्हणू लागला. शेवटी एकदा दवाखान्याची चिठ्ठी आणली, तर सुपरवायझर म्हणाला, "फोटो काढून हजेरीच्या ग्रुपवर टाक." त्याने टाकला. त्या ग्रुपवर साठएक माणसे. संध्याकाळपर्यंत आजाराचे नाव पाळीभर झाले, आठवड्यात वस्तीत पोचले आणि महिन्याभरात धुळ्याकडून धाकट्या बहिणीला आलेले स्थळ परत गेले. "त्यांच्या रक्तातच दोष आहे," असा निरोप आला.

माउली म्हणाल्या, "लपवलं तेव्हा कामचोर म्हणाले, सांगितलं तेव्हा रोगी म्हणाले. मग पोरानं करायचं तरी काय?"

हा प्रश्न एका घराचा नाही. सिकलसेल असो, टीबी असो, फिट येणे असो, मानसिक आजार असो की एचआयव्ही, कामावर जाणाऱ्या प्रत्येक आजारी माणसापुढे तो उभा राहतो. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर त्याचे उत्तर देत आहोत. या कुटुंबाच्या संमतीनेच लिहितो आहोत, तरीही नाव, वस्ती, कारखाना काहीच छापलेले नाही. का छापले नाही, ते लेख वाचून झाल्यावर कळेल.

खाडा का पडतो, ते आधी समजून घेऊ

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. बारीक रक्तवाहिन्यांतूनही त्या सहज सरकतात. सिकलसेलमध्ये त्या विळ्याच्या आकाराच्या आणि ताठ होतात. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरूनच हे नाव आले. अशा पेशी एकमेकींत अडकून रक्ताची वाट अडवतात. जिथे रक्त पोचत नाही तिथे भयंकर दुखते. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, विळ्याची पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून अंगात रक्त कमी राहते, थकवा लवकर येतो, डोळे पिवळसर दिसतात.

थंडी, अंगातले पाणी कमी होणे, अतिश्रम, जंतुसंसर्ग, जागरण यांमुळे दुखण्याचा झटका येतो. आपल्या खान्देशात डिसेंबरची थंडीही कडक आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास. त्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली, मशीनच्या गरम हवेत, पाणी न पिता आठ-दहा तास उभे राहायचे म्हटले तर झटक्याला आमंत्रणच. मधल्या दिवसांत हाच माणूस धडधाकट दिसतो. म्हणूनच लोकांना वाटते, हा सोंग करतो.

आता 'रक्तातल्या दोषा'विषयी. सिकलसेल हवेतून, पाण्यातून, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. तो आई-बापाकडून येतो. एकाकडूनच सिकलचा अंश आला तर माणूस वाहक असतो, त्याला एएस म्हणतात. वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो. दोघांकडूनही आला तर आजार होतो, त्याला एसएस म्हणतात. वाहकाला मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाचे ठाण होते, त्या पट्ट्यांतल्या लोकांत हा अंश टिकून राहिला. आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्ये आहे. आपल्याकडे विदर्भातल्या बौद्ध समाजात आहे, सातपुड्याच्या भिल्ल-पावरा बांधवांत आहे. कुठल्या जातीला मिळालेली ही शिक्षा नाही, कुठल्या जन्मीचे पापही नाही. डासांच्या मुलखात जगून राहिलेल्या माणसांचा हा वारसा आहे.

हा आजार दिव्यांगत्वात मोडतो का?

मोडतो. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ते २१ केले. त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे तीन आजार आले. मानसिक आजार, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस हेही त्याच यादीत आहेत. म्हणजे हात-पाय-डोळे धड असलेला माणूसही कायद्याने दिव्यांग असू शकतो, हे आता सरकारनेच मान्य केले आहे. नुसता वाहक असणे म्हणजे आजार नव्हे, त्यामुळे तो दिव्यांगही नव्हे.

यासाठी युडीआयडी नावाचे ओळखपत्र आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढावे लागते. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, मग सरकारी दवाखान्यातले वैद्यकीय मंडळ तपासून टक्केवारी ठरवते. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना सिकलसेलच्या पक्क्या तपासणीचा रिपोर्ट, रक्त चढवल्याच्या नोंदी आणि भरती झाल्याची सगळी डिस्चार्ज कार्डे घेऊन जा. किती वेळा झटका आला, किती वेळा रक्त लागले, यावर टक्केवारी अवलंबून असते. म्हणून दवाखान्याचा एकही कागद फेकू नका.

खरे ते सांगितले पाहिजे. सरकारी नोकरीत दिव्यांगांना जे ४ टक्के आरक्षण आहे, त्यात नुसत्या सिकलसेलचा समावेश नाही. पण नोकरी लागल्यानंतर मिळणारे संरक्षण त्यालाही आहे. २०१६ च्या कायद्याचे ३ रे कलम दिव्यांगत्वावरून भेदभाव करू नये असे सांगते. २० वे कलम सरकारी आस्थापनांसाठी आहे. त्यात रेल्वे, नगरपालिका, जिल्हा परिषद, एसटी असे सगळे येतात. नोकरीत असताना कोणी दिव्यांग झाला तर त्याला काढता येत नाही, त्याचा दर्जाही कमी करता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्यायचे. तसे पद नसेल तर नवे पद निर्माण करून त्याला ठेवायचे.

हे तत्त्व एका शिपायाच्या लढ्यातून पक्के झाले. केंद्रीय दलातला कुणाल सिंह हा शिपाई पाय गमावल्यावर अपात्र ठरवून घरी पाठवला गेला. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला जास्त आधार हवा, कारण त्याच्यासोबत त्याचे घरही कोसळते. पुढे २०२१ मध्ये सीआरपीएफमधल्या मानसिक आजार असलेल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. कारवाईमागे दिव्यांगत्व हे अनेक कारणांपैकी एक कारण असले, तरी तो भेदभाव ठरू शकतो. आजारापायी पडलेल्या खाड्यांवरून नोटीस येते तेव्हा हे वाक्य वकिलाच्या कानावर घाला.

खाजगी कारखान्यांवर बंधने कमी आहेत, पण आहेत. २१ व्या कलमानुसार त्यांनी समान संधी धोरण तयार करायचे आहे. तुमच्या कारखान्यात ते आहे का, हे लेखी विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

माझा आजार ही कोणाची माहिती?

माझीच. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या खटल्यात एकमताने सांगितले की, खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे. ज्या राज्यघटनेच्या मसुद्यासाठी बाबासाहेब रात्रंदिवस झिजले, तिच्या २१ व्या कलमातल्या जीविताच्या हक्कातच तो सामावलेला आहे.

डॉक्टरांवरही बंधन आहे. डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ चे नियम सांगतात की, उपचार करताना कळलेले रुग्णाचे गुपित उघड करायचे नाही. न्यायालयाने मागितले, कोणाच्या जिवाला ठोस धोका असला किंवा सरकारला कळवायचा आजार असला, तरच अपवाद. टीबीची नोंद सरकारकडे करावी लागते, पण ती उपचारासाठी. तुमच्या मुकादमाला कळवण्यासाठी नव्हे.

एचआयव्हीसाठी तर २०१७ चा वेगळाच कायदा आहे. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरीसाठी एचआयव्हीची तपासणी सक्तीची करता येत नाही. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची माहिती कोणाला देता येत नाही. मानसिक आजाराच्या रुग्णालाही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे.

या सगळ्याच्या कितीतरी आधी, आपल्याच मुंबई उच्च न्यायालयात एक खटला झाला. एका सार्वजनिक कंपनीत एक नैमित्तिक कामगार राबत होता. कायम करण्याआधी तपासणी केली, त्यात एचआयव्ही निघाला. काम गेले. तो न्यायालयात गेला, पण नाव उघड झाले तर जगणे मुश्कील होईल ही भीती होती. न्यायालयाने त्याचे नाव आणि कंपनीचेही नाव झाकून ठेवायला परवानगी दिली. आजही तो खटला 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' अशा अक्षरांनीच ओळखला जातो. १९९७ मध्ये निकाल आला. माणूस आपले काम करायला सक्षम आहे आणि त्याच्यापासून इतरांना मोठा धोका नाही, तर नुसत्या आजाराच्या नावावरून त्याची रोजीरोटी हिरावून घेता येणार नाही.

या निकालातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. मालकाने विचारायचा खरा प्रश्न 'तुला काय झाले आहे' हा नसून 'तुला हे काम जमते का' हा आहे. आणि हक्कासाठी लढायचे तर आधी चव्हाट्यावर उभे राहावे लागते, असे नाही. नाव झाकूनही न्याय मागता येतो.

तीन रिंगणे

आम्ही त्या माउलींना समजावले ते असे. तुमच्या मुलाच्या आजाराभोवती तीन रिंगणे आखा.

पहिले रिंगण डॉक्टरांचे. तिथे काहीही लपवायचे नाही. दारू, तंबाखू, चुकलेल्या गोळ्या, सगळे सांगायचे.

दुसरे रिंगण कचेरीचे. रजा मंजूर करणारा आणि पगार काढणारा माणूस, बस. त्याला तीन गोष्टी कळल्या की पुरे: किती दिवस काम जमणार नाही, पुन्हा कधीपासून जमेल आणि कामात काही बदल हवा आहे का.

तिसरे रिंगण पाळीतल्या सोबत्यांचे, मुकादमाचे, व्हॉट्सॲप ग्रुपचे. तिथे एवढेच: "तब्येत बरी नाही, रजेचा कागद ऑफिसात दिला आहे." त्यापुढचे सांगायचे की नाही, ते तुमच्या मर्जीवर.

यात एक अडचण आहे. रजेसाठी डॉक्टर जे प्रमाणपत्र देतात, त्याच्या ठरलेल्या नमुन्यात 'अमुक आजाराने ग्रस्त' अशी जागा असते. त्यामुळे आजाराचे नाव कागदावर येऊ शकते. डॉक्टरांना विनंती करा, 'वैद्यकीय कारणास्तव विश्रांती आवश्यक' एवढे लिहिता येईल का. बरेच डॉक्टर ऐकतात. कचेरीने नाव लागेलच म्हटले तर तो कागद उघडा देऊ नका. पाकिटात घाला, पाकीट बंद करा, वर 'गोपनीय' लिहा, कचेरीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सही, शिक्का, तारीख. पोच नसेल तर उद्या कोणीही म्हणेल, कागद मिळालाच नाही.

अर्ज एवढाच लिहा:

"प्रति, मा. व्यवस्थापक. विषय: वैद्यकीय रजा मिळण्याबाबत. महोदय, वैद्यकीय कारणामुळे मी दि. ___ ते दि. ___ या काळात कामावर हजर राहू शकत नाही. नोंदणीकृत डॉक्टरांचे प्रमाणपत्र बंद पाकिटात सोबत जोडले आहे. त्यातील माहिती माझ्या रजेच्या कामापुरतीच वापरावी, माझ्या लेखी संमतीशिवाय अन्य कोणालाही देऊ नये, ही विनंती. आपला विश्वासू ___."

ग्रुपवर फोटो मागितला तर नम्रपणे लिहा: "कागद ऑफिसात जमा केला आहे." कोणी आधीच टाकला असेल तर त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि तो काढून टाकण्याची मागणी व्यवस्थापकाकडे लेखी करा.

युडीआयडी कार्डावर दिव्यांगत्वाचा प्रकार छापलेला असतो. तेही जिथे हक्क मागायचा तिथेच दाखवा. गेटवर, पाळीत दाखवत फिरायचे कारण नाही.

लपवले तर काय बुडते?

काही घरांत म्हणतात, नकोच ती भानगड, आजाराचे नावच काढायचे नाही. आम्हाला ते पटत नाही. कारण कागद नाही तर हक्क नाही. मयतीचे खोटे कारण सांगून घेतलेला खाडा हा उद्या 'विनापरवानगी गैरहजर' म्हणून तुमच्याच विरुद्ध उभा राहतो. आजार दुनियेपासून झाका, कायद्यापासून झाकू नका.

आणि सर्वांत मोठा हक्क बुडतो तो कर्मचारी राज्य विमा योजनेचा, म्हणजे आपल्या ईएसआयचा. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. १९४३ मध्ये प्राध्यापक बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. १९४४ मध्ये अहवाल आला आणि त्या पायावर १९४८ चा कायदा उभा राहिला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. दर ३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांच्या आठवणीसाठी जमतो. त्यांच्या मजूर खात्यातून निघालेला हा वारसा मात्र पगारपत्रकावर कापलेल्या रकमेत दडलेला असतो आणि आपण तिकडे पाहतही नाही.

हिशोब सोपा आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला ईएसआय लागू होते. दिव्यांग कामगारासाठी ही मर्यादा २५,००० आहे. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्का कापला जातो, मालक ३.२५ टक्के भरतो. १२,००० पगार असेल तर तुमचे जातात ९० रुपये. त्या बदल्यात कुटुंबाला उपचार आणि आजारपणात वर्षाला कमाल ९१ दिवस मजुरीच्या ७० टक्के रोख रक्कम. दिवसाला ४०० रुपये पडत असतील तर २८०. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. टीबी, कुष्ठरोग, कर्करोग, पक्षाघात अशा ठरावीक ३४ दीर्घ आजारांत अटी पूर्ण असतील तर पुढे दोन वर्षांपर्यंत ८० टक्के मिळू शकतात. तुमचा आजार त्यात बसतो का, ते ईएसआयच्या डॉक्टरांना विचारा.

झटक्याच्या आजारात एक बारकावा लक्षात ठेवा. आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. पण आधीच्या आजारपणानंतर १५ दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तर ही दोन दिवसांची कात्री लागत नाही. आणि पैसे मिळोत न मिळोत, दोनच दिवसांचा झटका असला तरी प्रमाणपत्र घ्याच. ते पैशासाठी नसते, तुमच्या नावापुढे गैरहजेरीचा डाग लागू नये म्हणून असते. ईएसआयचा आजारपण लाभ चालू असताना कामगाराला काढू नये, शिक्षा करू नये, हे तत्त्व १९४८ च्या कायद्याने ७३ व्या कलमात लिहून ठेवले. आता नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे नव्या संहितांमध्ये गेले आहेत, तेव्हा प्रत्यक्ष तक्रार करताना आजचे कलम वकिलाकडून विचारून घ्या.

ठेकेदाराकडे असलेल्यांनी 'आम्हाला कसले ईएसआय' म्हणून गप्प बसू नये. ठेका कामगाराच्या वर्गणीची जबाबदारी शेवटी मूळ मालकावर येते. आपला विमा क्रमांक मागा, वर्गणी खरोखर भरली जाते का ते ईएसआयच्या संकेतस्थळावर पाहा. दुकानांत, शोरूममध्ये काम करणाऱ्या मुलामुलींसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने कायदा आहे. हा कायदा पूर्ण लागू असलेल्या दुकानात वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा मिळालीच पाहिजे. घरकाम, वीटभट्टी, शेतमजुरी करणाऱ्यांना यातले फारसे काही नाही, हे कबूल केले पाहिजे. त्यांच्यासाठी लढाई अजून बाकी आहे.

कामात कोणता बदल मागायचा?

नुसती रजा मागण्यापेक्षा झटका टळेल असा बदल मागितलेला बरा. कायद्यात याला वाजवी सोय म्हणतात. सिकलसेलच्या कामगारासाठी पिण्याचे पाणी हाताशी असावे आणि ते प्यायला, लघवीला जायला मुभा असावी. भट्टीजवळचे किंवा शीतगृहातले काम नसावे. एकसारखी रात्रपाळी नसावी. जड उचलण्याऐवजी बसून करायचे काम असावे. दर महिन्याच्या तपासणीची तारीख आधी कळवली तर तेवढी सुट्टी मिळावी. यात मालकाचे फार जात नाही. उलट माणसाचे खाडे कमी होऊ शकतात.

आपल्या बाजूनेही करायचे ते करावे. डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया दिले असेल तर ते मनाने बंद करू नका, त्याच्या रक्ततपासण्या वेळेवर करा. त्याने झटके कमी होतात. पाणी भरपूर प्या. ताप, छातीत दुखून धाप लागणे, अचानक पांढरे पडणे, हातापायातली ताकद जाणे, तोंड वाकडे होणे, डाव्या कुशीत पोट फुगणे यांपैकी काहीही झाले तर गावठी उपचार, झाडपाला करत बसू नका. थेट मोठा दवाखाना गाठा.

काढून टाकले तर?

तोंडी 'उद्यापासून येऊ नको' म्हटले तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पत्र पाठवा की मी कामावर यायला तयार आहे. दिव्यांगत्वाचा भेदभाव असेल तर पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. वकिलाच्या फीची भीती बाळगू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, स्त्रियांना आणि दिव्यांगांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० पासून बौद्ध झालेले अनुसूचित जातीचे बांधवही अनुसूचित जातींतच धरले जातात. जळगाव आणि धुळे दोन्ही ठिकाणी जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी आहे. १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो.

आता आपल्या घराकडे

त्या मुलाचे कामावरचे गाडे बरेचसे रुळावर आले. फोटो ग्रुपवरून निघाला, बंद पाकिटाची पद्धत सुरू झाली, पाण्याची बाटली मशीनजवळ ठेवायला परवानगी मिळाली. पण बहिणीचे मोडलेले स्थळ कुठल्या कायद्याने परत येणार?

ते स्थळ कारखान्याने मोडले नाही. कारखान्यातून निघालेली गोष्ट आपल्या वस्तीतल्या तोंडांनी पुढे नेली. पंचशीलातले चौथे शील आपण रोज म्हणतो. खोटे न बोलणे एवढाच त्याचा अर्थ नाही. दुसऱ्याच्या घराला आग लागेल असे खरेही तोंडातून काढायचे नाही, हे सम्यक वाचेत येते.

शिवाय ते लोक चुकलेही होते. भावाला आजार आहे म्हणून बहिणीला असेलच असे नाही. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलामागे आजाराची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण मोकळे असण्याची चारात एक. बहीण कशी आहे, ते रक्ताच्या एका तपासणीत कळते. ती वाहक निघाली आणि नवरा मुलगा मोकळा असला तर त्यांच्या एकाही मुलाला सिकलसेलचा आजार होत नाही. म्हणून आम्ही सांगतो, लग्नाआधी पत्रिका पाहण्यापेक्षा दोघांची रक्ततपासणी करा. पण रिपोर्ट त्या दोघांच्या आणि त्यांच्या डॉक्टरांच्या हातात राहू द्या. मध्यस्थाच्या खिशात नको. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे लक्ष्य त्यात ठेवले आहे. तपासणीचे शिबिर लागले तर जरूर जा, पण निकाल माईकवरून वाचून दाखवू देऊ नका.

जाता जाता तथागतांची एक गोष्ट. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्या घाणीत पडला होता. सोबतचे भिक्खू लांब राहिले होते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. भगवान बुद्ध आनंदाला घेऊन गेले, स्वतः पाणी ओतले, त्याला धुतले, उचलून नीट निजवले. मग संघाला सांगितले, तुम्हीच एकमेकांना सांभाळले नाही तर कोण सांभाळणार?

त्या भिक्खूचे नाव आपल्याला माहीत नाही. गोष्ट कळायला ते लागतही नाही.

जय भीम!